डावं हृदय खुरटलं असेल तर

पानिपतहून बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारी दिल्लीतली रुग्णालयं साधारण ९० किलोमीटर. पोटातल्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू खुरटलेली आहे हे आधी कळलं, तर हा प्रवास आईच्या पोटातूनच व्हावा. त्याहून सुरक्षित रुग्णवाहिका नाही! १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे नीट पाहिले, तर दोष बहुधा दिसतो.

नाही दिसला तर? बाळ जन्मतः गुलाबी असतं, रडतं. हृदयाजवळची ‘डक्टस’ नावाची रक्तवाहिनी उघडी असते आणि उजवी बाजू तिच्यातून साऱ्या अंगाला रक्त पुरवते. ती काही दिवसांत मिटू लागते. मग दूध ओढताना बाळ दमतं, पावलं गार पडतात, रंग राखाडी होतो. याला अनेकदा जंतुसंसर्ग समजलं जातं आणि मोलाचे तास जातात. म्हणून २४ तासांनंतर उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावाच. दोन मिनिटांचं काम आहे.

शंका आली की प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप सुरू करतात, डक्टस उघडी राहते. ऑक्सिजन मात्र बेतानेच: जास्त दिला तर रक्त फुफ्फुसांकडे ओढलं जातं, शरीर उपाशी राहतं.

शस्त्रक्रिया तीन: पहिल्या एक-दोन आठवड्यांत नॉरवूड, ४ ते ६ महिन्यांत ग्लेन, २ ते ४ वर्षांत फॉन्टन. पहिली सर्वांत जोखमीची. तिन्हींनंतरही हृदय अर्धंच राहतं; तपासण्या जन्मभर.