तीनशे अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एक

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, आपल्याकडच्या पक्षाशी तिचे केवळ नामसाधर्म्य) पहिली स्त्री निवडून गेली ती १९१६ साली. गंमत अशी, की त्या वेळी तेथील बहुतेक राज्यांत बायकांना मतदानाचा पुरता हक्कच नव्हता! देशभर तो मिळावयास १९२० साल उजाडावे लागले. मोंटाना राज्याने मात्र १९१४ मध्येच तो दिला होता, आणि त्यासाठी गावोगाव हिंडलेल्यांत जेनेट रँकिन ही गुरेपाळ शेतकऱ्याची थोरली लेक आघाडीवर होती. निवडणुकीत भाऊ वेलिंग्टन पाठीशी उभा राहिला आणि बाई वॉशिंग्टनला पोहोचल्या.

पण नशीब पाहा! २ एप्रिल १९१७ रोजी सभागृहात त्यांचे टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत झाले आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. चार दिवसांनी मतदान झाले. पहिल्या पुकाऱ्याला रँकिनबाई गप्प राहिल्या. दुसऱ्याला त्या उठल्या आणि देशाच्या बाजूने उभे राहण्याची आपली इच्छा आहे, पण युद्धाला मत देववत नाही, असे म्हणाल्या. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. म्हणजे विरोध करणारे एकोणपन्नास पुरुषही होते. पण वर्तमानपत्रांना दिसली ती एकटी बाई. त्या हमसून रडल्या, अशाही बातम्या छापून आल्या. स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतील काही पुढारी स्त्रियाच त्यांच्यावर रुसल्या. आता चळवळीचे कसे होणार, ही त्यांना चिंता!

त्याच जून महिन्यात मोंटानातील ब्यूट येथे तांब्याच्या खाणीला आग लागून १६८ माणसे दगावली. रँकिनबाई खाणमालकांच्या नव्हे, मजुरांच्या बाजूने बोलल्या. १९१८ मध्ये सेनेटसाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. पुढली वीसेक वर्षे त्यांनी शांततेच्या प्रचारात घालविली.

१९४० साली, साठाव्या वर्षी, मोंटानाने त्यांना पुन्हा निवडून दिले. आणि पुन्हा तोच प्रसंग! पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, जपानविरुद्धच्या युद्धाचा ठराव आला. बाईंनी बोलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. निदान तटस्थ तरी राहा, अशी सहकाऱ्यांनी गळ घातली. स्त्री म्हणून मला रणांगणावर जाता येत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला मी पाठवणार नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी विरोधी मत दिले. बाजूने ३८८, विरुद्ध १. बाहेर लोक इतके खवळले, की बाईंना टेलिफोनच्या खोपटात शिरून आतून पोलिसांना बोलवावे लागले.

प्रस्तुत लेखकाला हे दुसरे मत पटत नाही. हल्ला झाल्यावर देशाने करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. पण घरचे मतदार आता आपल्याला पुन्हा निवडून देणार नाहीत हे ठाऊक असताना बाईंनी ते दिले, हेही खरे. १९४२ मध्ये त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

गांधीजींच्या विचारांच्या ओढीने १९४६ पासून त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ त्यांनी वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांचा मोर्चा नेला. १९७३ साली त्या वारल्या. त्यांना जेथे बोलू दिले नव्हते, त्याच संसदभवनात १९८५ पासून मोंटाना राज्याच्या वतीने त्यांचा पुतळा उभा आहे.