सिव्हिलवाल्या साहेबांची झाडं

सर्व्हेच्या फील्डबुकला कंटाळणाऱ्या सिव्हिलच्या पोरांसाठी हे मुद्दाम लिहितोय. महाराष्ट्रातली झाडं ओळखायला अभ्यासक आजही जो जुना ग्रंथ उघडतात, तो आपल्याच लाइनच्या माणसाने लिहिला आहे!

थिओडोर कुक हे मूळचे आयरिश, जन्म 1836 चा. 1860 मध्ये ते बी.बी.सी.आय. रेल्वेत इंजिनिअर म्हणून आले, वसईच्या लोखंडी पुलाचं काम केलं आणि 1865 ला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे (म्हणजे आजच्या सीओईपीचे) प्राचार्य झाले. 1893 ला रिटायर झाल्यावर माणूस आराम करेल की नाही? साहेब लंडनजवळच्या क्यू बागेत वाळलेले नमुने तपासत बसले. 1901 ते 1908 या काळात त्यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ भागाभागाने छापून झाला. 1910 मध्ये ते वारले.

हा ग्रंथ कथेसारखा वाचायचा नसतो. त्यात ‘की’ असते, आपल्या फ्लोचार्टसारखी. पानं समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? एकेक उत्तर देत खाली उतरायचं, शेवटी झाडाचं नाव येतं. मग वर्णन, मराठी नाव, फुलायचा काळ आणि कुणाला कुठे सापडलं ते.

मला सगळ्यात आवडलं ते त्यातलं उद्गारचिन्ह. नमुना गोळा करणाऱ्याच्या नावापुढे ते असलं की समजायचं, लेखकाने तो नमुना स्वतः पाहिलाय. नसेल तर माहिती दुसऱ्याच्या भरवशावर. रीडिंग न घेता सबमिशन पूर्ण करणाऱ्यांनी (आपण सगळेच!) ही खूण जरूर बघावी.

नमुने आणायला साहेब काही एकटे फिरले नाहीत. कानिटकर, रानडे यांच्यासारखी आपली माणसं घाट चढली. रानड्यांचं नाव तर ‘अब्युटिलॉन रानडेई’ या दुर्मिळ सोनघंटेला कायमचं चिकटलं.

पण गंमत म्हणजे या ग्रंथात आपला वऱ्हाड नाही बाप्पा! अमरावती-अकोला मुंबई इलाख्यात नव्हतेच. निजामाकडून इंग्रजांकडे आलेला हा मुलूख 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. झाडाला काय ठाऊक इलाखा कुठे संपतो? खानदेशातला साग पुस्तकात आला, मेळघाटातला बाहेर राहिला. इकडच्या झाडांची यादी जंगलखात्याच्या विट साहेबांनी 1916 मध्ये काढली, आणि अख्ख्या महाराष्ट्राचा फ्लोरा व्हायला 1996 ते 2001 उजाडलं. चिखलदऱ्याला ट्रिप निघाली तर कुकसोबत हेही शोधा, नाहीतर नुसत्या कुकवर मेळघाटातल्या झाडाचा पत्ता लागेलच असं नाही.