खेळाडू मॉरिस आणि त्याचा सोबती

बास्केटबॉल हा खेळ तुमच्यापैकी काहींनी हायस्कुलाच्या पटांगणात पाहिला असेल. बास्केट म्हणजे टोपली. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हा खेळ काढला. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून त्यांनी फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि मुलांना सांगितले, "टाका यात चेंडू." पुढे टोपल्या गेल्या आणि लोखंडी कडी आली. पण नाव तेच राहिले.

दोन्ही बाजूंना पाच पाच गडी असतात. चेंडू हातात धरून पळायचे नाही. तो जमिनीवर आपटत न्यायचा, नाहीतर सोबत्याकडे फेकायचा. कडीतून चेंडू खाली पडला की गुण मिळतात. पण पुष्कळदा नेम चुकतो आणि चेंडू कडीवर आपटून उसळतो. त्या वेळी उंच उडी मारून जो चेंडू पकडील, त्याच्या संघाच्या हाती डाव येतो. या कामात ज्याचा हात धरणारे फार थोडे होते, त्या मॉरिस स्टोक्सची ही हकिकत आहे.

पोलादाच्या मुलखातला मुलगा

मॉरिसचा जन्म १९३३ साली अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या रँकिन गावी झाला. जवळच पिट्सबर्ग हे मोठे शहर आहे. हा सारा मुलूख पोलादाच्या कारखान्यांचा. मॉरिसचा बाप अशाच एका कारखान्यात कामाला होता. घरची माणसे काळ्या वर्णाची. त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसांना पुष्कळ ठिकाणी वेगळे ठेवीत. शाळा वेगळी, वस्ती वेगळी, गाडीतली जागासुद्धा वेगळी. पगार घेऊन खेळणाऱ्या मोठ्या बास्केटबॉल संघांत काळ्या खेळाडूंना १९५० सालापर्यंत फारशी जागा नव्हती.

शाळेत पहिली दोन वर्षे मॉरिसला मुख्य पाच गड्यांत घेतले नाही. त्याने सराव सोडला नाही. पुढे त्याच्या शाळेने शहरातल्या स्पर्धा जिंकल्या. मग तो लोरेटो या छोट्या गावातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात गेला. कॉलेज लहान, फारसे कोणाला माहीत नसलेले. पण मॉरिस खेळू लागला आणि कॉलेजचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागले.

१९५५ साली न्यूयॉर्क शहरात कॉलेजांची एक मोठी स्पर्धा झाली. मॉरिसच्या संघाचा चौथा नंबर आला. आता गंमत पाहा. स्पर्धेतला सगळ्यांत मोलाचा खेळाडू म्हणून निवड झाली ती जिंकलेल्या संघातल्या कोणाची नाही, तर चौथ्या आलेल्या संघातल्या मॉरिसची!

त्याच साली रॉचेस्टर शहराच्या रॉयल्स संघाने त्याला पगारावर घेतले. पहिल्याच सामन्यात त्याने ३२ गुण केले. वर्षअखेर नव्या खेळाडूंतला उत्तम खेळाडू हा मान त्याला मिळाला. पुढच्या हंगामात त्याने उसळलेले १,२५६ चेंडू पकडले. तोपर्यंत एका हंगामात एवढे कोणी पकडले नव्हते. १९५७ साली हा संघ सिनसिनाटी शहरात गेला.

या संघात जॅक ट्वायमन नावाचा एक गोरा खेळाडू होता. तोही पिट्सबर्गचाच, आणि मॉरिसबरोबर एकाच वर्षी संघात आलेला.

एक पडणे

१२ मार्च १९५८. मिनिआपोलिस शहरात सामना चालू होता. मॉरिस उडी घ्यायला गेला, तोल गेला आणि डोके जमिनीवर आपटले. तो बेशुद्ध पडला. लोकांनी त्याच्या नाकाशी उग्र वासाचे औषध धरले. तो शुद्धीवर आला, उठला आणि पुन्हा खेळायला लागला! बघणाऱ्यांना वाटले, गडी सावरला.

तीन दिवसांनी संघाचा आणखी एक सामना झाला. मॉरिस तोही खेळला. विमानाने परत येताना मात्र त्याला एकाएकी फार बरे वाटेनासे झाले. अंगाला झटके आले आणि तो पुन्हा बेशुद्ध झाला. दिवसांमागून दिवस गेले, तरी शुद्ध येईना. शेवटी शुद्ध आली, तेव्हा हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. वय अवघे २४.

असे का झाले? आपला मेंदू मऊ असतो. तो कवटीच्या हाडांच्या पेटीत असतो. डोके जोराने आपटले की आतल्या आत मेंदूला मार बसतो. मग त्याला सूज येते, किंवा आत रक्त साकळते. पायाला सूज आली तर कातडी ताणते. कवटीचे हाड ताणत नाही. मेंदूला फुगायला जागा नसते. तो दाबला जातो आणि त्याचे काम बिघडते. हे सारे लगेच दिसेलच असे नाही. काही तासांनी दिसते, कधी काही दिवसांनीही दिसते.

मॉरिसची बुद्धी मात्र शाबूत होती. त्याला सगळे ऐकू येई, सगळे समजे. पण सांगता येत नव्हते.

कागदपत्रांची लढाई

इस्पितळाचा खर्च डोंगराएवढा. त्या काळी खेळाडूंना आजारपणाचा विमा नव्हता, पेन्शन नव्हते. हंगाम संपला आणि पगारही थांबला. आईबाप दूर पिट्सबर्गला, बेताच्या परिस्थितीचे. मॉरिसचे स्वतःचे पैसे बँकेत होते, पण सही कोण करणार?

हंगाम संपताच संघातले बाकीचे खेळाडू आपापल्या गावी गेले. जॅक सिनसिनाटीतच राहणारा. त्याचे वय २३, घरी बायको आणि लहान मुले. कोणीतरी पुढे व्हायला हवे होते. जॅक झाला. तो कोर्टात गेला आणि मॉरिसचा कायदेशीर पालक झाला. काळ्या माणसाचा पालक गोरा माणूस! त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट साधी नव्हती.

मग जॅकने कायद्याची माहिती काढली. कामावर असताना कामगाराला इजा झाली तर त्याला भरपाई मिळते, असा त्या राज्याचा कायदा होता. जॅकचे म्हणणे असे की खेळ हेच मॉरिसचे काम, आणि इजा कामावरच झाली आहे. अर्जविनंत्या झाल्या आणि भरपाई मंजूर झाली. तरी पैसे पुरेनात. म्हणून जॅकने मदतीसाठी सामना भरवला. विल्ट चेंबरलेनसारखे नामांकित खेळाडू अशा सामन्यांत येऊन खेळले. हा सामना दरवर्षी होऊ लागला आणि मॉरिसच्या मागेही पुष्कळ वर्षे चालू राहिला.

अक्षर अक्षर जोडून

मॉरिसशी बोलायचे कसे? जॅकने युक्ती काढली. तो इंग्रजी मुळाक्षरे पहिल्यापासून म्हणत जाई. हवे ते अक्षर आले की मॉरिस पापणी मिटी. ते अक्षर धरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पाच अक्षरांचा एक शब्द सांगायचा, तर पाच वेळा मुळाक्षरे म्हणायला हवीत. मंडळी, अक्षरे जुळवताना किती नेट लागतो हे तुम्हांला सांगायला नको. मॉरिसने तो नेट धरला. अक्षरांच्या वाटेने त्याच्या मनातले बाहेर येऊ लागले.

पुढे रोजच्या व्यायामाने त्याची बोटे थोडी हलू लागली. तो टाइपरायटरवर लिहायला शिकला, आणि लिहून त्याने जॅकचे आभार मानले. काही शब्दही तो बोलू लागला. आधार घेऊन पावले टाकू लागला. ही मेहनत बारा वर्षे चालली. ६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराने तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला त्याच्या कॉलेजच्या आवारातच मूठमाती दिली.

२००४ साली बास्केटबॉलच्या थोर खेळाडूंच्या यादीत मॉरिसचे नाव घातले गेले. तो मान त्याच्या वतीने जॅकने स्वीकारला. जॅक २०१२ साली वारला. २०१३ सालापासून अमेरिकेतल्या मोठ्या संघांच्या मंडळाने दोघांच्या नावाने एक बक्षीस सुरू केले. ते सर्वांत जास्त गुण करणाऱ्याला मिळत नाही. जो उत्तम सोबती असेल, त्याला मिळते.

आपण काय ध्यानात ठेवावे?

खेळात, झाडावरून किंवा गाडीवरून पडून डोक्याला मार बसला आणि माणूस क्षणभर जरी बेशुद्ध झाला, तर "आता बरा आहे" म्हणून सोडू नये. आपल्याकडे कांदा फोडून हुंगवतात. त्याने माणूस जागा झाला तरी मेंदूचा मार बरा होत नाही. त्या दिवशी त्याला खेळू देऊ नये आणि कामाला लावू नये. डॉक्टरला दाखवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पुढचे काही दिवस लक्ष ठेवावे. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा ओकारी झाली, फार गुंगी आली, असंबद्ध बोलणे सुरू झाले, झटके आले, हातापायांतली शक्ती गेली, किंवा नाकाकानातून रक्त अगर पाणी आले, तर घटकाभरही थांबू नये. १०८ नंबरला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यावे.

मॉरिस पडला, तेव्हा ही काळजी कोणी घेतली नाही. त्याच्यासारखा उमदा गडी आपल्या घरात, आपल्या गावात असेल, तर त्याच्यासाठी एवढे आपण नक्कीच करू शकतो.