कृपा आणि कृती : एका ख्रिस्ती वादाची सोळाशे वर्षे

आईच्या शेवटच्या आजारात तिची वाचा अडखळू लागली होती. एके दिवशी ती म्हणाली, "आता नामही धड घेता येत नाही रे. मग माझं कसं व्हायचं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे ख्रिस्ती धर्माचा इतिहास वाचताना जवळजवळ हाच प्रश्न मला पाचव्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेत भेटला आणि मी त्या वादात गुंतलो.

वादाचा मुद्दा असा : माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका आणि ईश्वराशी सख्य, त्याच्या सत्कृत्यांनी होते की केवळ कृपेने? कृपेनेच होत असेल, तर ती कोणावर व्हायची हे आधीच ठरलेले असते काय? नव्या करारात दोन्ही सूर ऐकू येतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल विश्वासाला आधार मानतो. याकोबाचे पत्र कृतीत न उतरणाऱ्या विश्वासाला किंमत देत नाही.

ब्रिटनमधून रोमला आलेला पेलाजियस हा कडक नीतीचा उपदेशक होता. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याच्या आत्मकथनातील एका प्रार्थनेने तो संतापला. देवाने आज्ञा करावी आणि ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, असा तिचा आशय होता. पेलाजियसला ही पळवाट वाटली. न्यायी देव अशक्य आज्ञा करीलच कशाला? ऑगस्टिनचे म्हणणे असे, की माणसाची इच्छाच दुबळी झाली आहे. चांगले करावेसे वाटणे हेसुद्धा देवाचेच देणे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मते नाकारली.

पण येथेच पेच सुरू होतो. माझे गुण मोजले जाणारच नसतील, तर एकावर कृपा होते आणि दुसऱ्यावर नाही, असे का? कारण माणसात शोधायचे नाही, म्हणजे ते देवाच्या इच्छेतच असले पाहिजे. पूर्वनियोजनाचा सिद्धान्त असा कृपेच्याच पोटातून जन्मला. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनने तो रोखठोक मांडला : काहींची निवड तारणासाठी, तर काहींची नाशासाठी. ज्याला आपण निवडलेले आहोत असे वाटते, त्याला हा केवढा दिलासा! ज्याला तसे वाटत नाही, त्याच्या छातीत धडकी भरवणारा.

लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस याला हे पटेना. कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यानुसार निवड करतो. माणूस कृपा नाकारूही शकतो, असे त्याचे मत. त्याच्या मृत्यूनंतर डॉर्ड्रेख्तच्या धर्मसभेने (१६१८–१९) ते फेटाळले. या तंट्यात राजकारण मिसळले होते. आर्मिनियसच्या अनुयायांना पाठीशी घालणारा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा १६१९ मध्ये शिरच्छेद झाला.

मला वाटत होते, की सारे आधीच ठरलेले मानणारा माणूस हातपाय गाळून बसेल. वाचनातून उलटेच दिसले. कॅल्व्हिनच्या मते सत्कृत्ये हे कृपेचे फळ. ती तारणाची किंमत नव्हे. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये सुरुवात कृपेचीच मानली, पण माणसाच्या सहकार्याला जागा ठेवली. सत्कृत्ये कोणीच वगळली नाहीत. भांडण त्यांच्या जागेविषयी होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या : स्वीकार कृपेने, आणि सत्कृत्ये त्यातून उमलणारी.

आपल्याकडे श्रीवैष्णवांत असाच वाद झाला. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही, मांजरीच त्याला तोंडात धरून नेते. या दोन न्यायांची ख्रिस्ती वादाशी तुलना रुडॉल्फ ऑटो या जर्मन अभ्यासकाने १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली आहे.

एवढे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की हातपाय धड असलेल्या माझ्यासारख्याने पेलाजियसचे ऐकावे. नाहीतर कृपेच्या नावाखाली आळस माजतो. पण अंथरुणाला खिळलेल्या आईला पेलाजियस काय देणार होता? तिला मांजरीची गोष्ट सांगायला हवी होती. ती मला तेव्हा ठाऊक होती. सुचली मात्र नाही.