रांगणारे प्राध्यापक

मुलांनो, आज एका म्हाताऱ्या प्राध्यापकांची गोष्ट सांगायची आहे. पण आधी जरा समुद्रात डोकावून येऊ. एवढासा फेरफटका झाला की पुढची गोष्ट नीट कळेल.

उथळ समुद्रात, खडकांवर, बंदरातल्या खांबांवर आणि जहाजांच्या बुडाला एक मऊ प्राणी चिकटून राहतो. त्याला सी स्क्वर्ट म्हणतात. डिवचलं की तो पाण्याची चिळकांडी उडवतो, बाकी जागचा हलत म्हणून नाही. पण त्याचं पिल्लू पाहा! त्याला शेपटी असते, उजेड ओळखणारा एक ठिपका असतो, वर कुठे नि खाली कुठे हे सांगणारा एक बारीक खडा असतो. आणि या दोघांकडून बातमी घेऊन शेपटीला हुकूम सोडणारा चिमुकला मेंदूही असतो. हे पिल्लू काही तास, फार तर काही दिवस पोहतं. मग मनाजोगी जागा सापडली की डोक्याकडून खडकाला चिकटतं. पोहणं संपलं! आता शरीर ती शेपटी विरघळवून टाकतं आणि पोहण्यासाठीच्या त्या मेंदूचा बराचसा भागही जिरवून टाकतं. बसल्या जागी पाणी गाळून पोट भरायला पुरेल एवढी मज्जापेशींची एक गाठ तेवढी त्याच्याकडे राहते.

मला हा प्राणी फार मोठा शिक्षक वाटतो. वडाचं झाड शेकडो वर्षं जगतं आणि त्याला मेंदू लागत नाही, कारण त्याला कुठे जायचं नसतं. ज्याला हलायचं असतं, त्याला मेंदू लागतो. कविता, गणित, आठवणी हे सगळं पुष्कळ नंतर आलं. आधी आली ती हालचाल.

बरं, मग उलटा प्रश्न विचारू. मेंदूमुळे हालचाल होते, पण मेंदूच जखमी झाला तर? तेव्हा हालचाल मेंदूला काही शिकवू शकते का?

आता आले आपले प्राध्यापक. त्यांचं नाव पेद्रो बाख-इ-रिटा. मूळचे स्पेनमधल्या कॅटलोनियाचे, कवी आणि विद्वान, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस, पासष्टीच्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. अर्धं अंग गेलं, चेहरा वाकडा झाला, वाचा बंद झाली. पत्नी आधीच वारलेली. धाकटा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता, तो वडिलांना आपल्याकडे घेऊन गेला. तिथल्या इस्पितळात चार आठवडे उपचार झाले आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्या काळी जाणकारांचं मत असं की मेंदूत जे गेलं ते गेलं, आता त्यांची सेवा करा.

जॉर्ज अजून विद्यार्थीच होता. अमुक एक गोष्ट होणार नाही, हे त्याच्या डोक्यात अजून पक्कं बसलेलं नव्हतं. वडिलांना उभं करून पाहिलं, जमेना. तेव्हा तो वडिलांना म्हणाला, तुम्ही लहानपणी रांगायला शिकलात आणि मग चालायला. आता पुन्हा रांगण्यापासून सुरू करू. आणि खरंच, गुडघ्यांना गाद्या बांधून त्याने त्या वयोवृद्ध प्राध्यापकांना जमिनीवर ठेवलं. दुबळा खांदा भिंतीला टेकायचा आणि भिंतीच्या आधाराने पुढे सरकायचं. महिनोन् महिने हे चाललं. घरातून ते अंगणात आले, तेव्हा शेजारीपाजारी नाराज झाले. एवढ्या मोठ्या माणसाला जनावरासारखं रांगायला लावता, शोभतं का हे? जॉर्जने ऐकलं नाही. तो बापाशी जमिनीवर गोट्या खेळे, कारण गोटी पकडायला लुळा हात पुढे करावाच लागतो. नाणी खाली टाकी आणि दुबळ्या उजव्या हाताने उचलायला लावी. भांडी धुताना चांगल्या हाताने पातेलं धरायचं आणि दुबळा हात आत गोल फिरवायचा, पंधरा मिनिटं एका बाजूने, पंधरा मिनिटं दुसऱ्या बाजूने.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतात ती ही पातेली. तिथे कसलं यंत्र नव्हतं, महाग औषध नव्हतं. घरातलंच काम होतं, पण ते रोज आणि न कंटाळता करून घेतलेलं होतं.

पेद्रो रांगता रांगता गुडघ्यांवर आले, मग उभे राहिले, मग चालले. बोलणं हळूहळू परतलं. लिहायचं होतं म्हणून ते टंकलेखन यंत्रापुढे बसत. मधलं बोट अक्षरावर आलं की अख्खा हात खाली सोडत. पुढे नुसतं मनगट सोडता येऊ लागलं, मग एकेक बोट. वर्षभरात ते इतके सुधारले की पुढे न्यूयॉर्कला जाऊन पुन्हा पूर्ण वेळ शिकवू लागले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं, प्रवास केला, डोंगर चढले. झटक्यानंतर सात वर्षांनी, बहात्तराव्या वर्षी ते मित्रांबरोबर कोलंबियात बोगोटाजवळच्या डोंगरांत गेले होते. तिथे सुमारे ९,००० फुटांवर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले.

गोष्ट इथे संपली असती तर ती जिद्दीची गोष्ट झाली असती. पण त्यांचा थोरला मुलगा पॉल स्वतः मेंदूचा अभ्यासक होता. वडिलांच्या मेंदूची तपासणी मेरी जेन अ‍ॅगिलार या डॉक्टरबाईंनी केली आणि पॉलला त्याचे काप दाखवले. ते पाहून तो थक्क झाला. जखम भरलेली नव्हतीच! मेंदूच्या देठाशी, जिथून हुकूम मणक्याकडे उतरतात, तिथले सुमारे ९७ टक्के तंतू नष्ट झालेले होते आणि सात वर्षांत ते परत उगवले नव्हते. मग हा माणूस डोंगर चढला कसा?

घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला की माणसं रानातली जुनी पायवाट धरतात. सुरुवातीला ती काट्याकुट्यांची असते, पण रोज वापर झाला की मळते, रुंदावते. पेद्रोंच्या मेंदूत तसंच झालं. शाबूत राहिलेल्या थोड्या तंतूंनी आणि मेंदूच्या इतर भागांनी गेलेल्यांचं काम शिकून घेतलं, आणि हे शिकवलं रांगण्याने, गोट्यांनी, पातेल्यांनी. पॉल बाख-इ-रिटाने पुढे सगळं आयुष्य या विषयाला दिलं. चाळिशी उलटल्यावर तो पुनर्वसनाचं वैद्यक नव्याने शिकायला बसला.

आता तुम्ही विचाराल की झटका आलेले सगळेच असे उठतात का? नाही. जखम कुठे आहे, केवढी आहे, वय काय, इतर आजार कोणते, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पेद्रोंसारखं बरं होणं विरळाच. पण जखमी मेंदूलाही पुन्हा शिकवता येतं, या गोष्टीकडे एडवर्ड टॉब नावाचा शास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने पोहोचला.

टॉब अमेरिकेत माकडांवर प्रयोग करी. त्या प्रयोगांत माकडांचे फार हाल झाले, १९८१ साली त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, खटला चालला. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्या मुक्या जिवांनी जे शिकवलं ते वाया जाऊ नये. माकडाच्या एका हाताच्या संवेदनांच्या नसा तोडल्या की ते तो हात वापरणं सोडून देई. सगळ्यांना वाटे की हात निकामी झाला. पण टॉबने चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा माकड निकामी समजलेल्या हाताने घास उचलू लागलं! म्हणजे सुरुवातीचे काही दिवस हात चालला नाही, दुसऱ्या हाताने भागलं, आणि माकड ‘हा हात नाहीच’ असं शिकून बसलं होतं.

यावरून माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा, जागेपणीचा बहुतेक वेळ तो तसाच ठेवायचा आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेली ती माणसं होती. ज्यांनी हा उपचार घेतला त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. एक अट मात्र होती. मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असली पाहिजेत.

आपल्या घरांचा विचार माझ्या मनात येतो तो इथे. आजोबांना झटका आला की सून घास भरवते, मुलगा सदऱ्याची बटणं लावतो, नातू चपला पायात सरकवतो. आजोबांनी हात पुढे केला तर सगळे एका सुरात म्हणतात, ‘राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता?’ हे सगळं मायेपोटीच. पण ही माया त्या दुबळ्या हाताला तेच शिकवते, जे टॉबच्या माकडांनी शिकून घेतलं होतं. लुळ्या हाताने सांडलेला चहा पुसण्यात जी सेवा आहे, ती तोंडाशी धरलेल्या कपात नाही.

शरीर हलतं तेव्हा मेंदूत नेमकं काय होतं? कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत हेन्रिएट व्हॅन प्राग, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिंजऱ्यात धावायचं चाक ठेवलं. १९९९ साली त्यांनी सांगितलं की धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी साठवण्याशी जोडलेल्या भागात, नव्या जन्मलेल्या आणि टिकलेल्या पेशी जवळपास दुपटीने वाढल्या. माणसात उतारवयात अशा किती पेशी जन्मतात यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. पण व्यायामाने बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, पेशींना ते जगायला आणि एकमेकींशी जोडायला मदत करतं, रक्तपुरवठा सुधारतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. हे प्रथिन १९८२ साली डुकराच्या मेंदूतून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. आणि २०११ साली १२० वयस्क माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली निम्मी माणसं आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं, वर्षभर चालली. या वयात हिप्पोकॅम्पस आक्रसत जातो. चालणाऱ्यांचा मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढला.

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची गोष्ट तर आणखी अचंब्याची. नेदरलँड्समध्ये बास ब्लूम या डॉक्टरांकडे ५८ वर्षांचा एक रुग्ण आला. चार पावलं चालला की पाय जमिनीला खिळायचे, तो कोसळायचा. पण सायकल? ती तो रोज मैलोन् मैल चालवत होता! डॉक्टरांनी त्याला सायकल दिली आणि तो सफाईने फिरून आला. उतरला, आणि पाय पुन्हा गोठले. २०१० साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पेडलची लय पायांना बाहेरून हुकूम देत असावी, असा एक अंदाज आहे. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीने आपल्या काकांमध्ये असंच पाहिलं. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढत. तिने जमिनीवर जिन्याचा भास होणारं चित्र अंथरलं, आणि काका त्यावरून चालत गेले.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आजार नुकता सुरू झालेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर दम लागेल इतकं जोरात चालवलं. सहा महिन्यांत त्यांची लक्षणं जवळपास होती तिथेच राहिली. व्यायाम न बदललेल्यांची वाढली. व्यायामाने कंपवात जात नाही आणि गोळ्याही सुटत नाहीत. पण गोळ्यांच्या बरोबरीने तो हवाच.

आणि उतावीळपणाही नको, बरं का. २०१५ साली पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की पक्षाघाताचा झटका आल्यावर पहिल्या चोवीस तासांतच फार जास्त उठवाउठव केली तर निकाल उलट वाईट लागतो. सुरुवात केव्हा करायची आणि किती, हे डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनेच ठरवायचं.

तुमच्या घरात कुणाला असा झटका आला, तर तोंड वाकडं होताच, हात पडताच, बोबडी वळताच थेट इस्पितळ गाठा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते लवकर मिळेल तितकं चांगलं. पारव्याचं रक्त चोळायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. घरी आणल्यावर फिजिओथेरपिस्टला विचारा की दुबळ्या हाताकडून आज कोणतं काम करून घ्यायचं. मग ते काम आजी-आजोबांनाच करू द्या. शेंगा सोलू द्या, नाणी मोजू द्या, तुमच्याशी गोट्या खेळू द्या. वेळ लागेल. सांडेल. तुम्ही शेजारी बसून राहा, आणि त्यांचा हात पुढे येईपर्यंत आपला हात मागे ठेवा.