हाली-कलदारचा हिशेब आणि मोबाईलवरचा डॉलर

चलनाच्या व्यापारात उतरू पाहणाऱ्या नवख्या बांधवांसाठी काही सावधगिरीच्या सूचना

"घरबसल्या डॉलरची खरेदी-विक्री करा, रोज हजार रुपये कमवा" अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर येत असतात. धाराशिव, परंडा, कळंब, नळदुर्गकडचे आपले तरुण दुकानदार आणि कारागीर त्याबद्दल चौकशी करू लागले आहेत. कोणी वडिलांच्या दुकानातले भांडवल काढू पाहतो, कोणी आखातातून भावाने पाठवलेली रक्कम लावू पाहतो. म्हणून हा धंदा नेमका काय आहे, कायद्याने त्यात कितपत मुभा आहे आणि आपल्या कामाचे त्यात काय आहे, हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

जुना अनुभव

दोन चलनांचा हिशेब आपल्या जिल्ह्याला नवा नाही. उस्मानाबाद जिल्हा (आजचा धाराशिव) हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा रुपया वेगळा होता. त्याला हाली सिक्का किंवा उस्मानिया सिक्का म्हणत. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात होती. तिथे इंग्रजी रुपया म्हणजे कलदार चाले. ७ हाली म्हणजे ६ कलदार असा सरकारी दर होता. १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा हिशेब जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असे.

परंड्याच्या किंवा भूमच्या व्यापाऱ्याने बार्शीच्या पेठेत ६०० कलदारला माल विकला, तर गावी त्याचे ७०० हाली होत. हा फरक ज्याच्या ध्यानात नसे, त्याचा एका खेपेत शंभराचा घाटा ठरलेला. सराफ आपला बट्टा कापून नाणे बदलून देई. १९५० नंतर काही वर्षे हाली रुपया भारतीय रुपयाच्या जोडीने चालला आणि १९५९ मध्ये कायमचा बंद झाला.

या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. व्यापारी नाणे बदलत असे ते माल विकला म्हणून, किंवा सारा भरायचा म्हणून. त्याची कमाई कापसात, धान्यात आणि जनावरांत होती. नाण्याचा हिशेब त्या कमाईची राखण करण्यासाठी होता. आज मोबाईलवर जो धंदा दाखवला जातो त्यात माल कुठेच नाही. फक्त दर वर जाईल की खाली, एवढीच पैज आहे.

कायदा काय सांगतो

परकीय चलनाचे व्यवहार १९९९ च्या 'फेमा' कायद्याखाली येतात. भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँकेशी किंवा अधिकृत विनिमय केंद्राशीच करायचा असतो, आणि तोही कायद्याने मान्य केलेल्या कारणासाठीच. परदेशी ॲपवर 'मार्जिन' म्हणून पैसे पाठवण्यास मुळीच परवानगी नाही. ॲप मोबाईलवर उतरवून घेता आले म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये याबाबत जनतेला सावध केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांची पहिली इशारा-यादी जाहीर केली. पुढे त्या यादीत भर पडत गेली. यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत, असेही समजू नये.

देशात २९ ऑगस्ट २००८ पासून शेअर बाजारात चलनाचे वायदे-सौदे सुरू झाले. हे सौदे कायदेशीर आहेत. डॉलरचा एक सौदा १,००० डॉलरचा असतो. डॉलर हातात येत नाही, मुदत संपली की दराच्या फरकाची रक्कम रुपयांत द्यायची किंवा घ्यायची. मात्र रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की, ज्याचा खरोखर परकीय चलनाशी संबंध आहे, त्यानेच त्या जोखमीपासून बचाव म्हणून हे सौदे करावेत. ३ मे २०२४ पासून हा नियम लागू आहे. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार मात्र खरा असावाच लागतो. सारांश, ज्याची ना आयात ना निर्यात, ना परदेशी देणे ना येणे, त्याने निव्वळ तेजी-मंदीसाठी या बाजारात उतरू नये असे खुद्द नियमच सांगतो.

इसाऱ्याचे गणित

समजा डॉलर ८० रुपये आहे. एका सौद्याची किंमत ८०,००० रुपये झाली. पण दलाल सर्व रक्कम मागत नाही. समजा तो २,५०० रुपये इसारा घेतो. दर ५० पैशांनी उलटा गेला की ५०० रुपये गेले, म्हणजे इसाऱ्याचा पाचवा हिस्सा. तो भरून काढण्यासाठी आणखी रक्कम मागितली जाते.

परदेशी ॲपवाले तर पाचशे पट सौदा करू देतात. १०,००० रुपयांवर ५० लाखांचा सौदा! ऐकायला गोड वाटते. पण ५० लाखांत शंभर रुपयांमागे फक्त २० पैसे दर उलटला, की १०,००० रुपये संपले. चलनाचा दर दिवसभरात एवढा हलणे ही रोजची बाब आहे. मोंढ्यात इतक्या उधारीवर कोणी माल दिला असता, तर आपण त्याच्याकडे संशयानेच पाहिले असते.

शेअर बाजारातील वायदे-सौद्यांचा अनुभवही पाहावा. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये मागील ३ आर्थिक वर्षांचा हिशेब जाहीर केला. त्यात अशा सौद्यांत उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाल्याचे दिसले. हा आकडा शेअरच्या सौद्यांचा आहे, चलनाचा नव्हे. पण लहान माणूस मोठ्या बाजारात इसाऱ्यावर उतरला म्हणजे काय होते, हे समजण्यास तो पुरेसा आहे.

हलाल-हरामचा प्रश्न

नाण्याच्या बदल्यात नाणे, यास फिक्हमध्ये 'सर्फ' म्हणतात. वेगवेगळी चलने कमी-जास्त दराने बदलता येतात, पण देवाण-घेवाण त्याच बैठकीत, हातोहात पुरी झाली पाहिजे, ही त्याची मुख्य अट आहे. सराफाच्या दुकानी हाली देऊन कलदार घेणे याच प्रकारात मोडे. इसाऱ्यावरच्या सौद्यात दलालाच्या कर्जावर व्यवहार होतो आणि सौदा रात्रभर उघडा राहिला तर व्याज लागते. मक्केतील राबिताच्या फिक्ह परिषदेने २००६ मध्ये अशा मार्जिनवरील व्यापाराला नाजायज ठरवले आहे. 'इस्लामी खाते' असे नाव देऊन व्याजाऐवजी दुसऱ्या नावाने आकार घेणारे ॲपही आहेत. नाव पाहून फसू नये. शंका असेल त्याने आपल्या भागातील जाणत्या मुफ्तींना व्यवहाराचे कागद दाखवून विचारावे, जाहिरात दाखवून नव्हे.

आपला डॉलर कोठे आहे?

मग चलनाची माहिती आपल्याला निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. डॉलर आपल्या धंद्यात आधीच शिरलेला आहे, फक्त आपण त्याचा हिशेब ठेवत नाही.

खाद्यतेल घ्या. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो, पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून. डॉलर ८० वरून ८४ झाला तर तिकडचा भाव तोच राहूनही तेल ५ टक्क्यांनी महाग पडते. समजा फरसाणवाल्याने दोन महिने आधी लग्नाची १ लाखाची ऑर्डर ठरल्या भावात घेतली आणि त्यात ३०,००० चे तेल आहे. त्याच्या नफ्यातून १,५०० रुपये गुपचूप गेले. यावर उपाय मोबाईलवरचा सौदा नव्हे. सांगितलेला भाव १५ दिवसच बांधील राहील असे पावतीवर लिहावे, किंवा आगाऊ रक्कम घेऊन त्याच दिवशी तेल भरून ठेवावे.

आखातातून येणारा पैसा घ्या. दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने डॉलरशी बांधलेला आहे, आणि रियाल ३.७५ ने. म्हणून डॉलर कळला की दोन्ही कळले. डॉलर ८० असेल तर दिरहम सुमारे २१ रुपये ७८ पैसे झाला. एक कंपनी २१.५० देते आणि दुसरी २१.६५, तर महिन्याला २,००० दिरहम पाठवणाऱ्याचा फरक ३०० रुपये, वर्षाला ३,६०० रुपये. दरासोबत पाठवणावळही विचारावी. हुंडी-हवाल्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून तिकडे जाऊ नये. फेमाखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पैसा बुडाला तर दाद मागता येत नाही.

उमराहचा खर्च घ्या. ५,००० रियाल लागणार असतील तर डॉलर ८० असताना १,०६,६६७ रुपये पडतात, ८४ असताना १,१२,०००. प्रवासाची तारीख पक्की झाली की अधिकृत केंद्रातून रियाल दोन-तीन हप्त्यांत घ्यावेत. एकाच दिवशीच्या दरावर सर्व भार पडत नाही. पावती जपून ठेवावी.

नवख्याने काय करावे?

१) एक वही घालावी. दररोज दुपारी जाहीर होणारा डॉलरचा संदर्भ-दर तीन महिने लिहावा. शेजारी तेलाच्या डब्याचा किंवा आपल्या कच्च्या मालाचा भाव लिहावा. दोन्हींचा मेळ कसा बसतो ते आपोआप दिसेल.

२) आपले येणे-देणे कोणत्या चलनावर अवलंबून आहे ते मांडावे. काहीच नसेल तर चलनाच्या बाजारात आपले काम नाही.

३) निर्यात-आयात करणाऱ्याने आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाशी बोलावे. मोबाईलवर आलेल्या अनोळखी 'गुरू'शी नव्हे.

४) ज्याने नफ्याची हमी दिली, पैसे एखाद्या माणसाच्या खासगी खात्यात मागितले, किंवा नफा काढण्याआधी 'कर' भरायला सांगितला, तो ठग समजावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी आशा कमी.

५) दुकानाचे खेळते भांडवल, मुलीच्या लग्नाची रक्कम आणि दुसऱ्याची अमानत यांना कोणत्याही सौद्यात हात लावू नये.

हाली-कलदारच्या काळात बट्टा ज्याला कळे, तो व्यापारी बार्शीहून पूर्ण रक्कम घेऊन परते. आजही वहीत डॉलरचा एक रकाना वाढवला तर तेवढेच साधते. तेल, कातडे, खजूर, मशिनीचे सुटे भाग यांपैकी आपल्या दुकानात काय येते ते पाहून आपापल्या वहीत तो रकाना या महिन्यापासून सुरू करावा.