जुन्या गाडीचा चुकणारा ठोका

सिग्नलला उभी असलेली जुनी मारुती ८०० मध्येच शहारल्यासारखी हलते, हिरवा दिवा लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळते आणि मग पुढे निघते. गॅरेजच्या भाषेत याला 'मिसिंग' म्हणतात. प्लग बदलून होतात, कार्ब्युरेटर साफ करून होतो, आठवडाभर बरे वाटते आणि ठोका पुन्हा चुकू लागतो. अशा वेळी एकामागून एक सुटे भाग बदलत राहण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात दोष सापडला तर तो योगायोगानेच, आणि बिलांची बेरीज मात्र गाडीच्या बाजारभावाच्या दिशेने सरकत राहते.

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. एक सिलिंडर गळाठला की एकतृतीयांश ताकद गेली. म्हणूनच या गाडीत मिसिंग चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा अधिक जाणवते. सिलिंडरमध्ये ज्वलन होण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात: योग्य क्षणी पुरेशी ठिणगी, पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारे कॉम्प्रेशन. यांपैकी नेमके काय उणे पडते ते ओळखणे, एवढेच निदानाचे काम आहे.

पहिला पुरावा मालकाकडेच असतो. मिसिंग केव्हा होते? चढावर, चौथ्या गिअरमध्ये जोर लावताना होत असेल तर संशय ठिणगीवर घ्यावा. कारण सिलिंडरमधील दाब वाढला की ठिणगी पडण्यासाठी विजेचा दाबही अधिक लागतो आणि थकलेली कॉइल वा वायर तिथे कमी पडते. गाडी उभी असताना ठोके चुकतात, पण वेगात सुरळीत चालते, असे असल्यास इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा ब्रेक बूस्टरच्या नळीतून जादा हवा शिरत असण्याची शक्यता असते. पावसाळी सकाळीच त्रास होत असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून पाहावी. तिच्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते आहे असे समजावे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवल्यास फुटलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना दिसतात. ही तपासणी फुकट आहे; हात मात्र लांब ठेवावा, कारण तिथला विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो.

यानंतर कोणता सिलिंडर आजारी आहे ते शोधायचे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक जोडणीचा तुकडा लावून इंजिनच्या धातूला टेकवावे आणि इंजिन सुरू करावे. ज्या सिलिंडरची वायर काढूनही इंजिनच्या चालीत फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हा प्रयोग काही सेकंदांपुरताच करावा. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बाद. नाही गेला, तर वायरीची अदलाबदल. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम मोडला की काय गुण आला ते कळत नाही. प्लगचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे हवा जास्त, आणि तेलकट ओल म्हणजे इंजिन ऑइल वर चढते आहे. पीयूसीची चिठ्ठीही जपून ठेवावी. कार्बन मोनॉक्साईड आटोक्यात पण हायड्रोकार्बनचा आकडा चढलेला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत असल्याची ती मोठी खूण आहे.

एवढे करूनही दोष जागचा हलत नाही, तिथे खरी परीक्षा सुरू होते. नमुनेदार तक्रार अशी असते: गाडीला सीएनजी किट बसवलेले, सकाळी इंजिन ठणठणीत, मात्र अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर सिग्नलला थरथर. प्लग, वायरी, कॅप, कॉइल सारे नवे. मेस्त्री गॅसच्या किटला दोष देतो आणि किटवाला इंजिनला. बऱ्याचदा दोष टॅपेटचा निघतो. गॅसवर दीर्घकाळ चालणाऱ्या जुन्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटमधील मोकळी जागा संपते. टॅपेट सैल असेल तर टकटक आवाज तरी येतो. घट्ट झालेला टॅपेट अगदी शांत असतो, म्हणूनच फसवतो. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. वेगात गळतीला वेळ कमी मिळतो, त्यामुळे महामार्गावर काही जाणवत नाही.

येथे कॉम्प्रेशन गेजला पर्याय नाही. चाचणी गरम इंजिनावर, सर्व प्लग काढून, इग्निशन तोडून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घ्यावी. थंड इंजिनावर घेतली तर हा दोष हुलकावणी देतो. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील, तर हेड गॅस्केट त्या दोहोंमध्ये फुटले असावे.

व्हॉल्व्हचा दोष निघाल्यास हेड उतरवण्याची घाई करू नये. या इंजिनाचे टॅपेट स्क्रूने जुळवता येतात. कंपनीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे फीलर गेज लावून ते जुळवावेत आणि गाडी दोन दिवस चालवून कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे. आकडा सुधारला तर काम भागले. पुढे गॅसवर चालणाऱ्या गाडीचे टॅपेट तेवढे वारंवार तपासावे लागतील. न सुधारल्यास व्हॉल्व्हची कड जळालेली आहे आणि हेड उघडावेच लागेल. त्या वेळी नव्या व्हॉल्व्हबरोबर बैठकाही बदलून घ्याव्यात, आणि खर्चाचा अंदाज हेड उतरवण्याआधीच मागावा.